मास्टर ट्रेनर

पंचायत समितीच्या सभागृहात सकाळी दहाच्या आधी एक माणूस खुर्चीवर चढून, सेलोटेप दातात धरून बॅनरचं टोक भिंतीला चिकटवत असतो. भिंतीला ऑइलपेंट असल्याने सेलोटेप धरत नाही. इकडचं टोक सुटलं की तो इकडे धावतो, तेवढ्यात तिकडचं सुटतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, मंडपवाल्याचा माणूस असेल. तो मास्टर ट्रेनर असतो.

त्याला नाव असतं, पण ते मानधनाच्या पावतीवर. एरवी तो 'सर'. सरपंचबाई सर म्हणतात, आशाताई सर म्हणतात, जेवणवालाही 'सर, पुऱ्या किती माणसांच्या टाकू?' असं विचारतो. फक्त गटविकास अधिकारी 'अहो' म्हणतात. मी तालुक्याच्या गट संसाधन केंद्रात कंत्राटी नोकरीला असल्याने असे बरेच सर माझ्या नजरेखालून गेले आहेत. हॉल, चहा, जेवण आणि हजेरीपत्रक ही आमची बाजू. पाणी, स्वच्छता आणि ज्ञान ही त्यांची. जलसुरक्षक, आशा, अंगणवाडी सेविका, स्वच्छताग्रही, बचतगटाच्या अध्यक्षा, गवंडी, ग्रामसेवक, पाणीपुरवठा समितीचे सदस्य. गावात ज्याला ज्याला सही करता येते त्याला सरांनी केव्हा ना केव्हा प्रशिक्षित केलेलं असतं. तालुके बदलतात, सर बदलतात, पण खिशातले तीन रंगांचे मार्कर आणि 'मंडळी, मागेपर्यंत आवाज येतोय ना?' हे वाक्य बदलत नाही. मागून कुणीही उत्तर देत नाही. सर 'व्हेरी गुड' म्हणतात आणि सुरू करतात.

सरांचं वय वर्षांत मोजू नये, योजनांत मोजावं. १९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानात त्यांनी उमेदवारी केली. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, ग्रामविकास मंत्री म्हणून आर. आर. आबांनी ते डोक्यावर घेतलं, आणि गावंच्या गावं खराटे घेऊन रस्त्यावर उतरली. त्या दिवसांबद्दल बोलताना सरांचा आवाज आजही चढतो. त्यानंतर जलस्वराज्य, निर्मल ग्राम पुरस्कार, २०१२ चं निर्मल भारत, २०१४ च्या गांधीजयंतीचं स्वच्छ भारत मिशन, २०१९ च्या स्वातंत्र्यदिनाचं जलजीवन मिशन. प्रत्येक योजनेने सरांना एक बॅग, एक टोपी आणि एक टी-शर्ट दिला. सरांच्या घरी निर्मल भारतच्या बॅगेत कांदे असतात, जलस्वराज्यच्या फोल्डरमध्ये लाइटबिलं असतात, आणि स्वच्छ भारतच्या टी-शर्टने स्कूटर पुसली जाते. बॅनरवरचा खालचा मजकूरही तोच असतो, 'एकदिवसीय तालुकास्तरीय क्षमताबांधणी कार्यशाळा'. वरची ओळ तेवढी नवी. त्याबद्दल सरांची तक्रार नाही. ते म्हणतात, "योजना बदलते हो, जंतू तेच आहेत."

प्रशिक्षणाची वेळ दहाची असली तरी प्रशिक्षणार्थी साडेअकराला येतात. एसटीची वेळ प्रशिक्षण ठरवणाऱ्याला माहीत नसते. साहेब बाराला येतात, गाडगेबाबांच्या तसबिरीला हार घालतात, 'आपण सर्व सुज्ञ आहात' असं म्हणतात आणि दुसऱ्या मीटिंगला जातात. मग सर खुर्च्यांच्या रांगा मोडून त्यांचा 'यू' आकार करायला सांगतात. खुर्च्या सरकवण्यात वीस मिनिटं जातात. यू झाल्यावर सगळे पुरुष एका टोकाला आणि सगळ्या बायका दुसऱ्या टोकाला बसतात, आणि मधली, सरांच्या अगदी समोरची खुर्ची कुणीच घेत नाही.

त्यानंतर ओळख. शेजाऱ्याचं नाव, गाव आणि आवडतं फळ सांगायचं. चाळीस माणसांपैकी अडतीस जणांना आंबा आवडतो. एक ग्रामसेवक भाऊसाहेब 'शुगर आहे' म्हणून जांभूळ सांगतात. मग पावसाची टाळी: आधी एका बोटाने, मग दोन, मग तीन, मग पाचही बोटांनी धो धो. ज्या तालुक्यात होळी झाली की टँकर सुरू होतात, त्या तालुक्याच्या सभागृहात सरांच्या कृपेने दर तासाला पाऊस पडतो.

'आपल्या प्रशिक्षणाकडून अपेक्षा काय?' हा प्रश्न सर चार्टपेपरवर लिहितात. लोक चिठ्ठ्यांवर लिहून देतात. 'चार वाजता सोडावे, शेवटची गाडी साडेचारला आहे.' 'मागच्या प्रशिक्षणाचा प्रवासभत्ता मिळावा.' 'पंखा लावावा.' एका चिठ्ठीवर नुसतं 'मठ्ठा' लिहिलेलं असतं. सर सगळ्या चिठ्ठ्या गंभीरपणे वाचतात आणि चार्टपेपरवर लिहितात: ज्ञानवृद्धी, कौशल्यवृद्धी, दृष्टिकोनात बदल.

पूर्वचाचणी हा सरांच्या आयुष्यातला खरा पेच आहे. हात केव्हा केव्हा धुवावेत, पिण्याचं पाणी भांड्यातून कशाने काढावं, शौचालयापासून विहीर किती लांब असावी, असे दहा प्रश्न. आणि लोकांना दहाही येतात! शौचानंतर, जेवणापूर्वी, स्वयंपाकापूर्वी, बाळाला भरवण्यापूर्वी. उत्तरं कशी धडाधड पडतात. ओगराळ्याचं तर विचारूच नका. लांब दांड्याच्या ओगराळ्याचं चित्र शाळेच्या भिंतीवर आहे, उपकेंद्राच्या भिंतीवर आहे, अंगणवाडीच्या भिंतीवर आहे. 'कुणाकुणाच्या घरात आहे?' असं विचारलं की मात्र सगळे पंख्याकडे बघतात. आता पूर्वचाचणीत दहापैकी दहा आणि उत्तरचाचणीतही दहापैकी दहा आले तर अहवालातला आलेख चढणार कसा? 'ज्ञानात किती टक्के वाढ?' या रकान्यात शून्य लिहिलं तर वरून फोन येतो. म्हणून सर पूर्वचाचणी सुरू झाल्यावर पाचव्या मिनिटाला 'चहा आलाय' असं ओरडतात आणि पेपर गोळा करतात. पाच प्रश्न राहून जातात. संध्याकाळी आलेख पन्नास टक्क्यांनी चढतो.

माझं मत विचाराल तर, माणसं हात धुवत नाहीत कारण त्यांना माहीत नाही, ही समजूत ज्याने पहिल्यांदा कागदावर उतरवली त्याच्या मोरीत नळ असला पाहिजे. माहिती गावात केव्हाच पोचली आहे. पोचलं नाही ते पाणी. जलजीवनच्या सत्रात सर फळ्यावर मोठ्ठं लिहितात: माणशी रोज ५५ लिटर. एका सरपंचबाईंनी यावर विचारलं होतं, "सर, आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो. मग माणशी चारशे चाळीस लिटर एकदम भरून ठेवायचं का?" सर्वांनी हसून टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, पण गुणाकार त्यांनी मनातल्या मनात करून पाहिला, हे मला दिसलं. बरोबर होता.

सर रंगात येतात ते गुवाच्या विषयावर. हे मी चेष्टेने म्हणत नाही. कमल कार नावाच्या गृहस्थांनी १९९९-२००० च्या सुमारास बांगलादेशात एक पद्धत काढली. अनुदान, उपदेश, पोस्टर काही नको. गावकऱ्यांनाच बोलवायचं, जमिनीवर रांगोळीने त्यांच्याच गावाचा नकाशा काढायचा, कोण कुठे बसतं तिथे पिवळी पूड टाकायला लावायची, मग त्यांच्याबरोबर गोदरीत फेरी मारायची आणि गप्प राहायचं. शरम आणि किळस आपापलं काम करतात. या पद्धतीत सभ्य शब्दांना बंदी असते. 'मानवी विष्ठा' म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि विसरतो. म्हणून सर सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून तो एका अक्षराचा शब्द खणखणीत उच्चारतात, तेव्हा नेमके साहेब काहीतरी विसरलं म्हणून परत आलेले असतात.

मग ग्लासचा प्रयोग. स्वच्छ पाण्याचा ग्लास फिरवायचा, 'प्याल का?' सगळे 'हो' म्हणतात. मग डोक्यातला एक केस उपटायचा, गुवाला लावल्यासारखं करायचं, ग्लासात बुडवायचा आणि पुन्हा विचारायचं, 'आता प्याल?' माशीला तर सहा पाय असतात, तेही केसाळ. मग तुमच्या भाकरीवर बसते तेव्हा काय काय आणते? प्रयोग जबरदस्त आहे, हमखास यशस्वी होतो. अडचण एकच. संपूर्ण स्वच्छता अभियानात सरांच्या डोक्यावर भरपूर केस होते. निर्मल भारतमध्ये ते कानांच्या वर उरले. जलजीवन येईपर्यंत सरांना प्रयोगासाठी केस मागावा लागतो. हल्ली ते भाऊसाहेबांना विनंती करतात. भाऊसाहेब कलप लावतात, ते उपटू देत नाहीत. शेवटी एखादी आशाताई वेणीतला लांबसडक केस देते, तो ग्लासात बुडवताना अर्धा बाहेर लोंबतो, आणि किळस नको त्या कारणाने येते. पण येते. सर म्हणतात, रिझल्ट महत्त्वाचा.

शौचालयाच्या खड्ड्यांवर आले की सर दुःखी होतात. दोन शोषखड्डे, प्रत्येक तीन-चार फूट खोल, जाळीचं बांधकाम, तळाला काँक्रीट नको, आतून गिलावा नको. पाणी जमिनीत मुरतं. एक खड्डा भरायला घरच्या माणसांना पाचेक वर्षं लागतात. मग चेंबरमध्ये तोंड फिरवायचं, दुसरा वापरायचा. पहिल्यातलं वर्षा-दीड वर्षात कोरडं, बिनवासाचं सोनखत होतं. इतकं साधं. आणि गावात होतं काय? बारा हजारांचं अनुदान, वर घरचे तीस-चाळीस हजार घालून बारा फूट खोल, चारी बाजूंनी गिलावा केलेली टाकी. "एवढी मोठी कशाला?" असं विचारलं तर, "नातवाच्या लग्नापर्यंत भरायला नको." गवंड्यालाही टाकीच परवडते, खड्ड्यात त्याची मजुरी किती निघणार? टाकीचं पाणी पाइपने गटारात, गटार ओढ्यात, ओढा विहिरीशेजारी. म्हणजे इतका खर्च करून गोदरी भूमिगत झाली, एवढंच.

खड्ड्यातलं खत हाताने काढता येतं हे लोकांना पटावं म्हणून सर एक फोटो दाखवतात: फेब्रुवारी २०१७, तेलंगणातलं गंगादेवीपल्ली, केंद्राचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरून खत काढताहेत. सभागृह क्षणभर थक्क होतं. मग मागून कुणीतरी विचारतं, "आमच्याकडचा भरला तर कुठल्या नंबरला फोन करायचा?" सर देहूच्या डॉक्टर मापुसकरांबद्दलही सांगतात. सरकारी दवाखान्यातला हा डॉक्टर जुलाबाच्या गोळ्या देऊन कंटाळला आणि संडास बांधायला लागला, संडासाला गोबरगॅस जोडला, सगळा जन्म त्यात घातला, २०१७ ला मरणोत्तर पद्मश्री. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीला त्याही आधी हेच काम केलं. हे सांगताना सर कागदाकडे बघत नाहीत. त्यांच्या दिवसभरातली ही चार मिनिटं कार्यक्रमपत्रिकेत नसतात.

जेवणाच्या आधी हात धुण्याचं प्रात्यक्षिक. सरळ, उलटे, मूठ, अंगठा, नखं, कलाई. यांची आद्याक्षरं जुळवून 'सुमन-के' होतं, ते हिंदीतून आलंय म्हणून 'कलाई' राहून गेली. मी ज्या प्रशिक्षणाबद्दल सांगणार आहे त्या दिवशी सभागृहाच्या नळाला पाणी नव्हतं. बाथरूमला कुलूप होतं. किल्ली ज्या शिपायाकडे होती तो रजेवर होता. साबणाच्या वड्या मात्र चाळीस आल्या होत्या, कारण त्यांचं बिल वेगळ्या शीर्षाखाली निघतं. सर डगमगले नाहीत. "मंडळी, आपण कल्पनेने धुऊ." चाळीस माणसं समोरासमोर उभी राहून हवेत कोरडे हात धुऊ लागली. नखं झाली, कलाई झाली. ऑपरेटरने जिओटॅग फोटो काढला. नेमकं तेव्हाच जेवणवाल्याने 'ताटं वाढलीत' असं सांगितलं, आणि सगळे सरळ पंगतीला बसले. आता तर हात धुतलेच होते.

जेवणात पुरी-भाजी, मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा. ज्याने 'मठ्ठा' लिहून दिलं होतं त्याची अपेक्षा शंभर टक्के पूर्ण झाली. पाण्याचे जार आले होते, पण जार उचलून ओतायचा कुणी, म्हणून ते एका स्टीलच्या पिंपात रिकामे केले आणि वर दोन ग्लास ठेवले. येणारा ग्लास बुडवायचा, प्यायचा आणि पुढच्याला द्यायचा.

दुपारच्या सत्राला निम्मं सभागृह पेंगतं. सरांनी पावसाची टाळी पाडून पाहिली; झिमझिमसुद्धा झाली नाही. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर अंगणात काढलं. सरांचं खरं रूप अंगणात दिसतं. बुश-शर्टाच्या बाह्या वर गेल्या, बॅगेतून दोन बादल्या, एक काठी, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि क्लोरीन तपासायच्या ओटीच्या बाटल्या निघाल्या, आणि सर उकिडवे बसले.

"विहिरीत टीसीएल पावडर कोण कोण टाकतं?"

मागच्या रांगेत जेवणानंतर डुलक्या घेणारे एक नाना पुढे आले. गावची पाणीपुरवठ्याची विहीर, पंप आणि व्हॉल्व यांचं सगळं ज्यांच्याकडे असतं आणि पगार ज्यांना तीन महिन्यांनी मिळतो, ते हे नाना.

"किती टाकता नाना?"

"चार मुठी."

लोक हसले. सरांच्या चेहऱ्यावर मात्र सकाळपासून वाट पाहिलेल्या गिऱ्हाइकाला बघून येतं तसं काहीतरी आलं. त्यांनी काठीने मातीत हिशोब मांडला. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याला पुन्हा व्यासाने गुणायचं, मग पाण्याच्या खोलीने, मग ७८५ ने. नानांची विहीर पाच मीटर रुंद, आत चार मीटर पाणी. पाच पाचे पंचवीस, पंचवीस चोक शंभर, गुणिले ७८५. म्हणजे ७८ हजार ५०० लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅमप्रमाणे ३९२ ग्रॅम. "म्हणजे सव्वातीनशे पण नाही, अर्धा किलो पण नाही. मोजून टाकावं लागतं, नाना. मूठ चालत नाही."

"मूठ मोजा की मग," नाना म्हणाले.

सरांनी नानांना मूठ भरायला लावली आणि काट्यावर उपडी केली. पंच्याण्णव ग्रॅम. पुन्हा भरायला लावली. सत्त्याण्णव. चार मुठी म्हणजे ३८० आणि वर थोडं. अंगणात शिट्ट्या वाजल्या. सरांचं एक सत्र, वजनकाट्यासह, नानांनी मुठीत गुंडाळून ठेवलं. सर दोन क्षण गप्प बसले, मग म्हणाले, "नाना, पोतं कुठं असतं?"

"पंपघरात."

"तोंड बांधता?"

"रोज कोण बांधत बसतंय? उघडंच असतंय."

"पावसाळ्यातसुद्धा?"

नाना काही बोलले नाहीत. सरांनी प्रत्येक गावाला आपापल्या पावडरीची पुडी घेऊन यायला सांगितलं होतं. नानांनी आणलेली पुडी त्यांनी उघडली आणि सगळ्यांच्या नाकाखालून फिरवली. मग आपल्या बॅगेतलं सीलबंद पाकीट फोडून तेही फिरवलं. दुसऱ्याने सगळ्यांना शिंका आल्या, पहिल्याने कुणालाच काही झालं नाही. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांपर्यंत क्लोरीन असतो, हवा आणि ओल लागली की तो उडून जातो, २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. हे सर बोलत होते, पण हात चालू होते. दोन बादल्यांत दोन पावडरी कालवल्या. अर्ध्या तासाने दोन नळकांड्यांत पाणी घेऊन त्यात ओटीचे थेंब टाकले. सरांच्या पावडरीचं पाणी हळदीसारखं पिवळं झालं. नानांच्या पावडरीचं पाणी होतं तसंच राहिलं.

"मूठ बरोबर आहे नाना," सर म्हणाले, "पण पावडरीत राम नाही. हा नुसता चुना. तुम्ही पावसाळ्यापासून विहिरीला चुना लावताय."

नाना सोडून सगळे हसले. मग नानाही हसले आणि म्हणाले, "ठेकेदारानं आम्हाला लावला, आम्ही विहिरीला लावला."

त्यानंतर सरांनी निवळीचं दाखवलं. पावडर तशीच विहिरीत फेकायची नाही. आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग बादली पाऊण भरून ढवळायची, दहा मिनिटं ठेवायची. खाली चुना बसतो, वर निवळी येते. निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची, ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवायची, गाळ लांब खड्ड्यात टाकायचा. अर्धा तास तरी पाणी सोडायचं नाही. मग शेवटच्या घरातल्या, टाकीजवळच्या नव्हे, शेवटच्या घरातल्या नळाचं पाणी तपासायचं. तिथे ०.२ पीपीएम क्लोरीन आलं तर गाव निवांत झोपेल. कुणी पेंगत नव्हतं. एक सरपंचबाई पदर खोचून बादली ढवळत होत्या. भाऊसाहेब कलपाची पर्वा न करता उन्हात वाकून नळकांडी बघत होते. पाण्यासाठी गावाला लाल कार्ड कशाने मिळतं, हिरवं कशाने, पाच वर्षं साथ नसली तर चंदेरी कार्ड कसं मिळतं, हे विचारायला लोकच पुढे येत होते. प्रशिक्षण म्हणावं असं जे काही त्या दिवशी झालं ते या पाऊण तासात झालं. अहवालात त्याचा फोटो नाही. फोटो काढणारा ऑपरेटर तेव्हा चहाला गेला होता.

शेवटचं सत्र पाणी तपासणीच्या किटचं. जलजीवनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना ते शिकवायचं असतं. पेटीत बाटल्या, थेंब, रंगांच्या पट्ट्या. गावात ही पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटावर, झेंड्याच्या काठीशेजारी ठेवतात आणि तपासणीला अधिकारी आले की पुसतात. त्यात जंतूंच्या तपासणीची एक छोटी बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. काळी पडली तर पाणी दूषित. आता एका दिवसाच्या प्रशिक्षणात अठ्ठेचाळीस तास आणायचे कुठून? म्हणून सर घरून एक काळी बाटली घेऊन येतात. 'समजा, दोन दिवस झाले.' ही बाटली किती योजना जुनी आहे हे कुणी विचारत नाही. ती आता काळी नाही, तपकिरी आहे, आणि तिच्याकडे बघून एकदा एका अंगणवाडी ताईंनी 'खोकल्याचं औषध का?' असं विचारलं होतं.

त्या दिवशी एक आशाताई म्हणाल्या, "सर, माझी मी करून बघते." त्यांनी एक रिकामी बाटली घेतली, जवळ दुसरं पाणी नव्हतं म्हणून पिंपातलं पाणी भरलं, झाकण लावलं आणि पिशवीत टाकली. चार वाजले होते. उत्तरचाचणी झाली, आलेख चढला, अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी 'प्रशिक्षण उत्कृष्ट' पुढे खूण केली, प्रवासभत्त्याच्या यादीवर सह्या झाल्या. भत्ता नंतर खात्यावर येणार होता. सेलोटेप शेवटी भिंतीला पक्की चिकटली होती, ती ओढताना ऑइलपेंटचे पोपडे निघाले.

तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आशाताईंनी एक फोटो टाकला: टीव्हीवर ठेवलेली बाटली, आत डांबरासारखं काळं पाणी. खाली तीस-पस्तीस अंगठे आले. दोघांनी 'अभिनंदन ताई' लिहिलं. एकाने 'सुप्रभात'.

सर तेव्हा आमच्याच ऑफिसात मागच्या दोन प्रशिक्षणांच्या मानधनाची फाइल कुठे अडली ते बघायला आले होते. फोटो बघताच त्यांनी फोन लावला.

"ताई, नमुना कुठला?"

"आपल्या प्रशिक्षणाचा की, सर. जेवणाच्या पिंपातला."

"नीट आठवा. जार ओतण्याआधीचं पाणी की नंतरचं?"

"नंतरचं. सगळे प्याल्यावरचं. सगळ्यांनी ग्लास बुडवला होता ना. तुम्ही पण."

सरांनी पोटाकडे एकदा बघितलं आणि मग त्यांना एवढा आनंद झाला की ते उठून उभे राहिले. चाळीस प्रशिक्षित माणसं, सुमन-के करून, पूर्वचाचणीत ओगराळं लिहून, एका पिंपात हात घालून आली होती आणि त्याचा काळाकुट्ट पुरावा एका बाईच्या टीव्हीवर होता. इतकं चांगलं साहित्य त्यांना कुठल्याच योजनेने दिलं नव्हतं.

"ताई, बाटली टाकू नका. उघडू पण नका. पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यात प्रशिक्षण आहे, तुम्ही या. मी बोलणार नाही, तुम्हीच सांगायचं. ही बाटली कुठली, कशी भरली, कोण कोण प्यालं, सगळं. तुम्हाला साधनव्यक्ती म्हणून बोलावतो."

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग आशाताईंनी विचारलं, "साधनव्यक्तीला प्रवासभत्ता असतो का, सर?"

"असतो ना," सर म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून त्यांनी टेबलावरची आपली फाइल माझ्याकडे सरकवली.